आबांची तेलाची गुळणी

सारंगखेडा, ४ नोव्हेंबर २०२४

चि. कामिनीस आबांचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कसलं? अगं, पहाटे तोंडात तिळाचं तेल असतं. बोलता येत नाही, हात मात्र रिकामे. तू धुळ्याहून पाठवलेल्या औषधी पाण्याने एकदाच चूळ भरली, तर दुपारचं भरीतही बेचव लागलं. आता ती बाटली तुझ्या आईने बळकावली आहे आणि ती शेजारणींना दात दाखवत फिरते. आपलं तेलच बरं, दात खणखणीत राहतात. यात्रेसाठी घोडे येऊ लागलेत. दात बघून घोड्याचं वय सांगायला अजून मलाच बोलावतात.

जिवाला जप, माया आहेच.
तुझे आबा, हेमराज

धुळे, ९ नोव्हेंबर

ती. आबांस कामिनीचा सा. नमस्कार, वि. वि.

तेलाशी माझं वैर नाही. तेलाने तोंडातले जंतू थोडे कमी होतात, असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. पण दातांवर बसलेलं कीटण तेलाने निघत नाही आणि बाटलीतल्या पाण्यानेही नाही. ब्रश कोणालाच चुकत नाही. आईला सांगा, ती बाटली थोड्या दिवसांपुरतीच होती. फार वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात, मग शेजारणींना काय दाखवणार?

आबा, खरं सांगा, हिरड्यांतून रक्त येतं का? आमच्या डेंटल कॉलेजच्या दवाखान्यात या, मी स्वतः बघते.

रागावू नका, लोभ असू द्या.
कामिनी

सारंगखेडा, १५ नोव्हेंबर

चि. कामिनीस आईचे आशीर्वाद.

बाटली बंद केली. डाग पडलेच. तुझे आबा खरं सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तेल थुंकताना ते माझ्याकडे पाठ करतात. काल मोरीत पाहिलं, तेल लाल होतं. खालचा एक दात हलतो. भाकरी दुधात कुस्करून खातात आणि अशीच आवडते म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "मन्हं तोंड मीच देखसु."

घोड्याचं तोंड उघडलं की ह्यांना त्याचं म्हातारपण दिसतं. आपलं कोणी उघडलं तर काय दिसेल, याची भीती वाटते त्यांना. मला ती कळते, तूही समजून घे. केळी पोचवायचं निमित्त काढून पुढच्या शुक्रवारच्या बसने त्यांना आणते.

सुखी राहा.
आई, मीनाबाई

सारंगखेडा, २६ नोव्हेंबर

चि. अर्ध्या डॉक्टर कामिनीस आशीर्वाद.

केळी द्यायला आलो आणि थेट खुर्चीत बसलो. तुझ्या आईचा डाव फार उशिरा कळला. एक दात गेला, पण बाकीचे वाचले, हे काय थोडं झालं? कीटण काढल्यापासून रक्त कमी झालंय. मऊ ब्रशने दोन्ही वेळा घासतो. तेलही चालू आहे, पण ब्रशनंतर. गावात बोलू नकोस, माझी पत जाईल.

बसमध्ये चढताना तू विचारलंस, एवढा हट्टी माणूस एकदम एवढं तोंड उघडून कसा बसला. तुझ्या मैत्रिणींसमोर सांगवेना. तू माझा जबडा धरलास, तेव्हा तुझा हात थरथरत होता. तोवर मला वाटत होतं, भ्यायलोय तो मी एकटाच. मग म्हटलं, पोरीला नीट दिसू दे.

तुझे आबा