खुब्यातला गोळा

आबा, आज सकाळपासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. भूगावच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. मुलगी परदेशात आहे आणि तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात दिवसभर माझ्याच चपलांचा आवाज.

मुळशीच्या धरणावरच्या उतारावर मेंढरं चारताना तुमचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, ते साठ सालाच्या मागंपुढं. मी नुकताच कारखान्यात लागलो होतो. मी आणि काकांनी तुम्हाला झोळीत घालून रस्त्यावर आणलं, तिथून पुण्याच्या इस्पितळात. हाड जुळणार नव्हतं. डॉक्टरांनी प्लास्टिकचा गोळा बसवायचं सुचवलं आणि तो तुमच्या हातातच दिला. काचेसारखा दिसणारा, पण हलका. तुम्ही नखानं टोकरून पाहिला.

"किती दिस चालंल ह्यो?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही. आपल्याकडे अजून फार थोड्यांना बसवलाय."

तुम्ही गोळा परत दिलात. "बसवा मग. बसून खायापरीस बरं."

आणि तुम्ही चाललात. आधी काठी घेऊन अंगणात, मग बिनकाठीचे उतारावर. काही महिन्यांनी चालताना खुब्यातून करकर ऐकू येऊ लागली. आई घाबरली, पण तुम्ही हसत होता. "मेंढरांना माजी चाल कळती आता. हाळी द्याया लागत न्हाई." खरंच, तो आवाज आला की म्हातारी मेंढी मान वर करायची. दोन वर्षं तशी गेली. मग करकर थांबली आणि दुखणं सुरू झालं. एका सकाळी तुम्हाला अंथरुणातून उठताच येईना. पुन्हा तेच इस्पितळ. गोळा काढला तेव्हा तो एका बाजूनं पार झिजून पिवळा पडला होता आणि बुडाशी तडकला होता. डॉक्टर तो हातात फिरवून बघत राहिले. तुम्हीच म्हणालात, "तुमी वाईट वाटून घिऊ नका. दोन वर्सं डोंगर चढलो मी ह्याच्यावर."

त्यानंतर पाय आखूड झाला, दोन्ही काखांत कुबड्या आल्या. मेंढरं काकांकडं गेली. शनिवारी मी कारखान्यातून घरी यायचो तेव्हा तुम्ही ओट्यावर असायचात. संध्याकाळी कळप उतरताना दिसला की उठून आत जायचात. मी मागोमाग आलो की म्हणायचात, "डोळं दुखत्यात उनानं." ऊन केव्हाच गेलेलं असायचं. मग आपण दोघं अंधारात बसायचो.

पुढं कारखाना सोडून मी एका प्रयोगशाळेत लागलो. पेसमेकरच्या, हृदयाला जोडायच्या तारेवर पॉलियुरेथेनचं आवरण असतं, रबरासारखं मऊ आणि चिवट. त्याच्या पट्ट्या ताणून, अंगाइतक्या कोमट खारट पाण्यात ठेवायच्या आणि महिन्यांनी भिंगाखाली बघायच्या. सैल पट्टी तशीच राहायची. ताणलेलीवर केसासारखे तडे दिसायचे. मग मिश्रण बदलायचं, पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. नवी पोरं विचारायची, एवढ्या कंटाळवाण्या कामात कसे टिकलात. मी हसून वेळ मारून नेली. तुमच्याबद्दल त्यांना एकदाही सांगितलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या काही पट्ट्या फारच चांगल्या निघाल्या. खूप काळ पाण्यात राहूनही एक तडा नाही. त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून घरी आणला आणि तो कुणाला द्यायचा ते कळेना.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. आणि आबा, तुम्ही असतात तरी तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मलाच शेजारी बसून वाचून दाखवावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.