किंचाळलेला दगड

मी, हिऱ्यांना पैलू पाडणारा, वय एकोणसत्तर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली न येता राजीखुशीने करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे. कानांबद्दल कलम चार पाहावे.

कलम १. राहतं घर पत्नीच्या नावे. तिच्या हयातीत कोणी भिंत पाडू नये आणि "आई, तुम्हाला एवढ्या खोल्या कशाला?" असंही विचारू नये. तिच्यानंतर घर मुलाचं.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलाला व मुलीला निम्मी निम्मी. "कारखाना विकून टाकू" असं मुलगा माझ्यासमोर दोनदा म्हणाला, मला ऐकू गेलं नाही असं समजून. बाळा, मला ओठ वाचता येतात. कारखाना तुला नाही.

कलम ३. टेबलावरचा निळसर खडक मुलीला. खाणीत मी अकरा वर्षं जमिनीखाली काढली; निघताना तिथल्या भूगर्भवाल्या साहेबांनी तो दिला. त्यात मोहरीएवढा हिरा अडकलेला आहे, तो उकरू नये. टनभर असा खडक फोडावा, तेव्हा कुठे चिमटीहूनही कमी हिरा हाती लागतो. साहेब सांगायचे, "शे-दीडशे किलोमीटर खाली, उष्णतेत आणि दाबात हा तयार होतो. ज्वालामुखी झपाट्याने वर आणतो म्हणून हिरा राहतो. रेंगाळला असता, तर वाटेतच पेन्सिलीतलं शिसं झाला असता."

कलम ४. कारखाना, मोठ्या चाकासकट, सूनबाईला. कारण लिहितो. दगड ज्या दिशेने सहज घासला जातो ती त्याची नस; चाकावर तो नसेच्या उलट धरला की त्याचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखूनच मी नाव कमावलं. नऊ वर्षांपूर्वी, सूनबाईने चिमट्यात बसवून दिलेला एक मोठा दगड मी सगळ्या कारागिरांसमोर घासत होतो. शेजारच्या चाकावरून ती ओरडली, "बाबा, उचला! किंचाळतोय तो!"

मी म्हणालो, "आता तू मला ऐकायला शिकवणार?"

दगड तडकला. मी म्हणालो, "तिरका बसवलास तू."

तिने एप्रन काढून खुंटीला लावला. तेव्हापासून ती हिऱ्यांच्या पुड्या बांधते. चाकावर बसली नाही आणि त्या दिवसाबद्दल अवाक्षरही बोलली नाही.

दगड तिने नीटच बसवला होता. नस मी चुकवली. माझा उजवा कान त्याआधीच गेला होता, डावा जायच्या बेतात होता. हे तेव्हा मी आणि कानांचे डॉक्टर सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायला मी नऊ वर्षं रेंगाळलो. त्याचं एव्हाना शिसंच झालं असणार. निदान शाईने लिहितो.

कलम ५. कलम चार कारखान्यात, चाकं बंद ठेवून, मोठ्याने वाचावं. मी गेल्यावर नव्हे, येत्या सोमवारी. मी समोर बसेन. एप्रन अजून त्याच खुंटीला आहे.

साक्षीला सूनबाईलाच बोलावणार होतो. पण जिला मिळायचं तिने साक्ष द्यायची नाही, असं वकील म्हणाले.

सही
स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: ११ मार्च

साक्षीदार पहिले: कानांचे डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: आमचा सर्वांत जुना कारागीर, ज्याला सगळे 'भिंग' म्हणतात. सही करून तो माझ्या डाव्या कानाशी आला आणि ओरडून म्हणाला, "शेठ, आवाज मलाही आला होता त्या दिवशी."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"ती बोलली होती की. ऐकलंत?"