शेंगेचं बिऱ्हाड

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. वि. वि.

तुझी बोट सध्या कुठल्या पाण्यात आहे देव जाणे, पण पत्र पोचेल असं तुझे बाबा म्हणतात. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला रस्ते ठाऊक, तेव्हा पाण्यातलेही असतील असं धरून लिहिते. एवढ्या मोठ्या बोटीची वीज तू एकटी सांभाळतेस हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगते. काहींना दोनदा सांगून झालंय. जेवत जा वेळेवर.

आधी तुझ्या दोघी पालींची खुशाली. लोड मजेत. तिची शेपटी इतकी गुबगुबीत झालीय की खरंच टेकून बसावंसं वाटतं, नाव अगदी बरोबर ठेवलंस. इस्त्री दिवसभर त्या विजेच्या गरम चटईवर पोट सपाट करून पडलेली असते. अळ्या मीच भरवते, चिमट्याने. हात धुते, आधी आणि नंतर, तू भिंतीवर लिहून ठेवलंयस तसं. तुझी आई मात्र अजून तुझ्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नाही. शिवून झालेले कोट तुझ्या पलंगावर ठेवायचे असले की दारातून फेकते. नेम असा बसलाय की बाह्यासुद्धा सरळ पडतात.

आता खरी बातमी. खाली तो चावीवाला आहे ना, ज्याच्याकडे तू लहानपणी बिघडलेली कुलपं मागायला जायचीस, तो दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघालाय. मुलाकडे मांजर आहे. आणि ह्याच्याकडे, मला इतकी वर्षं पत्ता नाही बघ, गल्ल्यामागे टांगलेल्या चाव्यांच्या आड तुझ्या दोघींसारखीच एक ठिपक्याठिपक्यांची पाल. काल मला म्हणाला, आजी, तुम्ही ठेवाल का, नाहीतर बसथांब्यामागच्या प्राण्यांच्या दुकानात द्यावी लागेल. ते दुकान मी पाहिलंय. एकेका पेटीत इतक्या कोंबलेल्या की कुठली शेपटी कुणाची ते दुकानदारालाही सांगता यायचं नाही. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

मग वर येऊन तुझ्या आईला सांगितलं. तिने सुई खाली ठेवली. ती चिडली की ओरडत नाही, सुई खाली ठेवते, तुला माहीत आहे. म्हणाली, ह्या घरात त्यांची एक पेटी आहे आणि एकच राहील. नवी त्या दोघींत रमली तर राहू दे, नाही रमली तर दुकानात. तुझ्या बाबांनी टोपी उचलली आणि पाळीच्या तासभर आधीच कामावर गेले.

नवीची शेपटी वाळक्या शेंगेसारखी आहे. आवराआवरीत मालकाचं तिच्या खाण्याकडे लक्ष नव्हतं म्हणे. म्हणून मी तिला शेंग म्हणते. आता तिला आत कसं सोडायचं ते सविस्तर कळव.

लोभ आहेच, तो समुद्रात सांडू देऊ नकोस.
तुझी आजी


दि. २४ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू शेंगेला अजून पेटीत सोडलं नसशील अशी आशा आहे. सोडलं असशील तर हे पत्र खाली ठेव, तिला बाहेर काढ, आणि मग पुढे वाच.

काढलंस? आता ऐक. पहिले दोन-तीन महिने तिला वेगळ्या टबात ठेवायचं, खाली नुसते कागद. तिला काही रोग असेल तर तो आमच्या दोघींना लागेल. चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आणि तिचं सगळं शेवटी करायचं. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखव. ती नर निघाली तर विषय तिथेच संपला, मग काही केल्या एकत्र नाही.

आणि आजी, लोड आणि इस्त्री एका पेटीत राहतात हे माझं नशीब आहे, नियम नाही. ह्या मुळात एकेकट्या राहणाऱ्या. त्यांच्यात जावा, नणंदा, मावश्या असलं काही नसतं. तेव्हा सोडायची वेळ आली तर आतलं सगळं सामान हलवून मांड, म्हणजे कुणालाच ती जागा आपली वाटणार नाही. लपायला तीन बिळं ठेव, खायला तीन वाट्या. आणि लक्ष ठेव.

आईचा शब्द मोडायला मी तिथे नाही. असते तरी मोडला नसता. पण ती दुकानात जाऊ नये असं मलाही फार वाटतं.

इकडे मी ठीक. आमचा स्वयंपाकी कशातही मिरी घालतो, चहा तेवढा वाचलाय.

लोभ असावा, उत्साह थोडा आवरावा.
तुझी ठमी


दि. २९ एप्रिल

चि. ठमीस,
गालावरून हात फिरवून आशीर्वाद. वि. वि.

उत्साह आवर म्हणतेस, पण पत्र वाचशील तर तुझाही आवरणार नाही.

तू सांगितलंस तसं शेंगेला टबात ठेवलं, माझ्या दिवाणाशेजारी, स्टुलावर. टबाखालच्या गरम चटईच्या वायरीत पाय अडकून तुझे बाबा पहाटे दोनदा पडता पडता वाचले. डॉक्टरांकडे नेली. रांगेत सगळे कुत्रे, मांजरी आणि एक बोकड, आणि माझ्या मांडीवर भोकं पाडलेला जेवणाचा डबा. शेजारच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय आणलंय. मी झाकण उघडून दाखवलं तर त्या उठून बोकडाच्या पलीकडे जाऊन बसल्या. डॉक्टरांनी शेंगेला उलटी करून भिंगातून न्याहाळलं आणि बाईमाणूसच आहे म्हणाले. पोटात जंत होते, औषध दिलं. गेल्या आठवड्यात पुन्हा दाखवली तर तब्येत साफ, वजनही धरतेय म्हणाले. वजन एका चिठ्ठीवर लिहून दिलंय.

तशी मी तिला टबात आणखी ठेवलीही असती, पण घोटाळा झाला. बाहेरच्या खोलीत तुझ्या आईची गिऱ्हाईकं माप द्यायला येतात. बँकेतल्या त्या उंच बाई कोट घालून उभ्या होत्या, सगळीकडे टाचण्या लावलेल्या, आणि त्यांना टबातून शेंग दिसली. बाई टाचण्यांसकट जिना उतरून गेल्या. तुझे बाबा मागे धावले, कोट परत आणायला. तुझ्या आईने सुई खाली ठेवली. म्हणाली, बाहेरच्या खोलीतून हे आजच्या आज हललं पाहिजे. कुठे हलवू? तुझ्या खोलीत टेबलावर ती मोठी पेटी, पलंगावर कोट, खाली कापडाचे तागे. तिथे आता माशीलाही पाय ठेवायला जागा नाही.

म्हणून सोडली आत. सामान हलवलं, तुझं ऐकलं. पण तीन बिळं मात्र नाही ठेवली गं. अगं, एका घरात तीन चुली मांडायच्या आणि वर म्हणायचं एकत्र राहा, कसं जमेल ते? तुझीही दोन बिळं काढून ठेवली, आणि जुनी मोठी कुंडी आडवी फोडून घेऊन एकच ऐसपैस घर केलं, चटईच्या बरोबर वर. एकच थाळी. खातील तर एकत्र, झोपतील तर एकत्र.

आणि काय सांगू तुला, पहिल्या दिवशी जरा फुसफुस झाली, लोडने शेपटी हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिघी त्या कुंडीत एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपतात. शेंग सगळ्यात खाली, तिच्या पाठीवर इस्त्री, आणि वर लोडचं डोकं. मी काचेला नाक लावून बसते. तुझ्या बाबांनाही बोलावून दाखवलं, ते म्हणाले वा. तुझ्या आईला सांगितलं, बघ, रमली. ती दारातून बघून गेली.

ठमे, माझी पोर राहिली. आता तू त्यांना एकेकट्या राहणाऱ्या म्हणू नकोस.

लोभ आहेच, वाटून घ्यायला आता तिसरीही आली.
तुझी आजी


दि. १३ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, टपालाची पिशवी तासाभरात किनाऱ्यावर जाईल.

आजी, त्या एकमेकींच्या अंगावर झोपतात ते प्रेमाने नाही. गरम जागा एकच आहे आणि ती तिघींना हवी आहे, म्हणून एक दुसरीला दाबून बसते. खालची असते ती हरलेली असते. तू त्यांच्यावर स्वतःसारखा जीव लावलास, म्हणून तुला तसं दिसलं, त्यात तुझा दोष नाही. पण शेंगेला आत्ता बाहेर काढ. टबात ठेव, टब मोरीत ठेव, कुठेही ठेव. वजन कर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघ. शेपटीवर चावल्याची खूण आहे का बघ. घाबरली तर ती शेपटी टाकून देईल, आणि तिच्या अंगात जी काही शिदोरी आहे ती सगळी शेपटीतच असते.

आईला माझ्यातर्फे विनव. मी तिला स्वतः लिहायला हवं, पण तिला ह्या विषयावर काय लिहावं ते मला कधीच सुचत नाही.

लोभ असू दे.
तुझी ठमी


दि. २५ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. आधी हे वाच की शेंग जिवंत आहे, शेपटीसकट. आता बाकीचं सावकाश सांगते.

तुझ्या पत्राच्या आधीच तुझ्या आईला कळलं होतं. मला नाही, तिला. झालं असं की तिला कोट फेकायचे असतात, आणि फेकायच्या आधी तिघी कुठे कुठे आहेत ते पाहिल्याशिवाय तिचा हात उचलत नाही. एखादी दिसली नाही तर ती तशीच दारात उभी राहते, हातात कोट घेऊन, दिसेपर्यंत. त्या भीतीपायी तिने जेवढं पाहिलं तेवढं मी काचेला नाक लावूनही पाहिलं नाही. एक दिवस जेवताना म्हणाली, बारकी थाळीकडे निघाली की जाडी आडवी येते, रोज. बारकी परत फिरते. तिची शेपटी ती आली तेव्हापेक्षाही बारीक झालीय.

मी भांडले. म्हटलं तू दारातून बघतेस, मी जवळून बघते. तर म्हणाली, म्हणूनच. तुम्ही त्यांना बघून हसता, आणि मी त्या काय करतात ते बघते. जेवण तसंच टाकून उठले, शेंगेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी भरली. शेपटीच्या मुळाशी चावा होता. ठमे, माझ्या हातावर ती अशी हलकी लागली, जशी काही रिकामी आगपेटी.

बोली झालेली होती. रमली तर राहील, नाहीतर दुकान. सकाळी डबा पुसला, आत मऊ फडकं घातलं, तिला ठेवली आणि डबा तुझ्या बाबांच्या हातात दिला. बसथांब्यावर जायचंच असतं त्यांना. माझ्याकडे न बघता ते चपला घालायला लागले.

तुझी आई कापायच्या टेबलाशी उभी होती, हातात कात्री. विचारलं, डबा कुठे निघाला. तुझे बाबा म्हणाले, तूच सांगितलं होतंस तिकडे. ती म्हणाली, जिने उपाशी ठेवलं ती घरात आणि जी उपाशी राहिली ती दुकानात, असं मी कधी सांगितलं होतं? तुझे बाबा म्हणाले, पण दुसरी पेटी नको म्हणाली होतीस. त्यावर म्हणाली, म्हणाले होते, आता मीच हवी म्हणतेय, तुम्हाला काही त्रास आहे का. त्यांनी एका पायातली चप्पल काढली. मग तिने टेबलावरचा कागदी नमुना गुंडाळला, खडू, टेप, गुंड्यांचे डबे एका अंगाला सारले, आणि इस्त्रीचा प्लग काढला. तुझी इस्त्री नाही, कपड्यांची. ती आता स्वयंपाकघरात करते.

तुझ्या बाबांनी त्यांच्या कंडक्टरकडून माशांची जुनी काचपेटी आणली. फोडलेली कुंडी मी फेकली, तुझी दोन बिळं त्या दोघींना परत दिली आणि शेंगेला तिचं स्वतःचं केलं. पहिले काही दिवस तिने तोंड लावलं नाही. डॉक्टर पातळ काहीतरी द्यायला सांगून गेले, जिभेवर थेंब थेंब. मग एका दुपारी तिने चिमट्यातून अळी ओढून घेतली. चिमटा मी धरला नव्हता. मी जिन्यात कुणाला तरी तुझ्या बोटीचं सांगत होते.

खूप लिहिलं. पाठीमागे जागा आहे ती तुझ्या आईने मागितली आहे, तेव्हा इथेच थांबते.

लोभ आहेच, पण जवळ बसून नुसतं बघत राहणं म्हणजे लोभ नव्हे हे कळलं.
तुझी आजी

ता. क.
ठमे, हे मी लिहितेय, आई.

पेटी माझ्या टेबलावर डाव्या बाजूला आहे. मी तिला हात लावत नाही. चिमटा लांब आहे, तेवढं जमतं. पहिल्या दिवशी मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन कापलं, तर एक बाही आखूड झाली. अजूनही कात्री घ्यायच्या आधी ती कुठे आहे ते बघते.

मला भिंतीवरच्या पालीची भीती कसली वाटते ते तुला कधी सांगितलं नाही. ती डोळे मिटत नाही. आपण काहीही करत असू, ती बघत असते. तुझ्या ह्यांना पापण्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. काल दुपारी मी मशीनवर होते. ही बाहेर आली, दगडावर बसली, माझ्याकडे पाहिलं, आणि मशीन एवढी धडधडत असताना हळूहळू तिने डोळे मिटले.

मी मशीन बंद केली आणि राहिलेली शिवण हाताने घातली. बँकेतल्या बाईंचा कोट उद्या जाईल.

तुझी आई