जाईनं खुरपलेलं लॉन

आदरणीय दादूभाऊ,

तुम्हाला आणि वहिनींना कुंडलिकचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला, का तोही आता घरचाच झाला? आम्ही इकडं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोललो की जाईला वाटतं मी तिच्यावरच ओरडतोय, आणि ती कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहते. तेव्हा पत्र. अक्षर लावून घ्या, हात ड्रायव्हरचा आहे.

तुमच्या बहिणीचं तुम्हाला ठाऊकच आहे. अंगानं ठणठणीत, भूक बरी, फक्त माणसं गेली डोक्यातनं. मला ती कधी कंडक्टर समजते, कधी तलाठी. (तलाठी समजली की फार मान देते, पाटावर बसवते. मी तेवढ्यात जेवून घेतो.) नवरा मात्र समजत नाही. त्यात या थंडीपासून तिला चालायचा नाद लागला. घरातनं अंगणात, अंगणातनं घरात, दिवसभर. आमचं अंगण तुम्ही बघितलंय, निम्मा मुरूम आणि निम्मा कातळ. पडली. कपाळाला टाके पडले. ते सुकतायत तोवर परत पडली, मनगट सुजलं. माधुरी पुण्याहून आली, आईचं कपाळ बघून रडली आणि जाताना सांगून गेली, की अण्णा, आई अजून एकदा पडली तर मी तिला संस्थेत ठेवणार, जागा बघून आलेय. पोरगी चुकीचं बोलत नाही. दवाखान्यात नोकरी करते, असली माणसं तिनं रोज बघितलीत. पण दादूभाऊ, जाईशिवाय या घरात कसं राहायचं, ते मला येत नाही. चहापत्ती कुठल्या डब्यात असते हेसुद्धा मला ती विसरल्यावर कळलं.

मग जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला जे सुचायचं तेच सुचलं. रस्ता खराब म्हणून गाडी डेपोत लावायची नाही, रस्ता नीट करायचा. अंगणात लॉन लावायचं. म्हणजे पडली तरी लागायचं नाही. नसरापूरला धनाजीची नर्सरी आहे, तिथं गेलो. त्याला म्हणालो, बाबा, असं गवत दे की ज्याला पाणी लागत नाही, कापावं लागत नाही, आणि वेल्ह्याच्या उन्हात मरत नाही. (आमच्याकडं पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि मार्च लागला की हंडे घेऊन टँकरची वाट बघायची. हे गवताला कसं समजावणार?) धनाजी म्हणाला, असं गवत असतं तर मीच त्याच्यावर झोपलो असतो. तरी त्यानं चार जाती दाखवल्या. मी पायातली चप्पल काढून प्रत्येकीवर उभा राहिलो, मग जाईचं वय आणि कपाळ डोळ्यांसमोर आणून गुडघ्यावर पडून बघितलं. दोन गिऱ्हाइकं होती, ती लांब सरकली. सगळ्यांत मऊ होती ती घेतली. मऊ जातीला उन्हाची सवय नसते हे धनाजीनं सांगितलं होतं, पण माझा जीव मऊपणावर गेला.

ती भीमजयंतीच्या आतच मेली. मिरवणूक दारावरनं गेली तेव्हा आमचं अंगण पायपुसण्यासारखं दिसत होतं. तसं ते हिरवं होतं तेव्हाही सुख नव्हतंच. मंगलच्या शेळ्या (शेजारची मंगल, तिला तुम्ही ओळखता) सकाळ-संध्याकाळ पाहुण्यासारख्या यायला लागल्या. तोरण्यावर आलेली पुण्याची माणसं गाडी थांबवून विचारायची, काका, रूम आहे का, मिसळ मिळेल का. एकदा तर चार जण न विचारता चटई टाकून बसले आणि जाईनं त्यांना लग्नाचे वऱ्हाडी समजून पाणी नेऊन दिलं. त्यांनी वर लिंबू मागितलं.

दुसऱ्या खेपेला धनाजीचं ऐकलं. त्यानं उन्हाची जात दिली. म्हणाला, वरनं वाळली तरी खालनं जगते, विसरून गेलात तरी चालतंय. विसरण्याबद्दल तो सहजच बोलला, पण मला ते लागलं. त्याच्या गड्यांनी येऊन लावून दिली. भांड्या-धुण्याचं पाणी घालत राहिलो आणि खरंच धरली हो. भर मे महिन्यात आख्खं अंगण हिरवं. जाई त्याच्यावर अनवाणी चालायची, मी ओट्यावर बसून बघायचो. एकदा घसरून बसली, पण लागलं नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

परवा तिच्या गोळ्या संपल्या म्हणून मंगलला लक्ष ठेवायला सांगून मी वेल्ह्याला गेलो. परतीची एसटी वाटेत बंद पडली. (मी चालवत असताना माझी गाडी कधी बंद पडली नाही, हे जाता जाता नमूद करतो.) उन्हं कलता कलता घरी आलो, तर मंगल आपल्या दारात निवांत बसलेली. म्हणाली, काळजीच नाही दाजी, बाई कामात आहे. आणि बघतो तर जाई अंगणात उकिडवी, हातात खुरपं, आणि निम्मं लॉन उपटून पालथं. नुसतं उपटलेलं नाही. एकेका काडीची माती झटकलेली, खालच्या मुळांच्या काशा कातळावर उन्हाला पसरलेल्या, परत रुजू नयेत म्हणून. एवढ्या निगुतीनं तिनं माझा बॅगेतला शर्टसुद्धा कधी झटकला नव्हता.

संतापानं मी लाल झालो. एक झुपका उचलला, बघतो तर बारीक पानं, पेरापेरांतनं फुटलेली मुळं. दादूभाऊ, ती हरळी होती. आपल्या बांधावरची हरळी. जरा शिकली-सवरलेली, नाजूक पानांची, पण तिच्याच कुळातली. धनाजीला फोन लावला तर तो म्हणतो, मग उन्हात दुसरं काय टिकणार काका, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मला कसं ठाऊक असणार? आमचा शेताचा तुकडा मी बसच्या खिडकीतनं बघितला. हरळी जन्मभर तिनं काढली. घरातली माणसं विसरली ती, पण हा वैरी नाही विसरली.

ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच मान वर केली. म्हणाली, "आलास व्हय? किती उशीर. घे खुरपं अन् बस पातीला. मुळासकट काढ, न्हाईतर उद्या हाईच परत." ती मला रोजानं लावलेला गडी समजली. मी काय करणार? बसलो. हातात पिशवी होती गोळ्यांची ती बाजूला ठेवली आणि माझं स्वतःचं लॉन मी माझ्या हातानं खुरपायला लागलो. दोनदा तिनं माझी पात, म्हणजे खुरपायची ओळ, परत काढायला लावली. जुन्या गड्याशी बोलावं तसं बोलत होती. मालक एसटीवर हाईत म्हणाली, शनवारी येत्यात. गाडी घाटात असली की माझा जीव थाऱ्यावर नसतो म्हणाली, पाऊस लागला की रात्र रात्र बसून काढते. मला हे कधीच बोलली नव्हती ती. मी आपला शनिवारी यायचो, जेवायचो आणि झोपायचो. मी भीत भीत विचारलं, मालक कसं हाईत? हातातल्या झुपक्याची माती झटकत म्हणाली, "चांगलं हाईत. बोलत न्हाईत, एवढंच." मला पुढचं गवत दिसेना.

अंधार पडायला लागला तेव्हा तिनं घरात जाऊन भाकरी आणली, मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा, आणि स्वतः माझ्यासमोर बसून जेवली. एरवी मी भरवतो. काल उरलेलं लॉन आम्ही दोघांनी मिळून संपवलं. दोन्ही दिवस ती फेऱ्या मारायला उठली नाही, की पडली नाही. खुरपत बसलेलं माणूस पडणार कुठं? आज अंगण पहिल्यासारखं उघडं आहे आणि ती सकाळपासून परत चालतेय.

माधुरी रविवारी येतेय. तिच्यासमोर मला बोलायला सुचत नाही, तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तिला एवढं सांगा, की आईला हितंच राहू दे, अण्णा बघतील.

तुमचा,
कुंडलिक

ता. क. तुमच्या बांधावरची हरळी मुळासकट दोन गोण्या भरून भोरच्या गाडीनं पाठवून द्या. मी लावत जाईन, ती खुरपत बसेल. लोक हसतील, हसू द्या. धनाजीकडं तिसऱ्यांदा जायचं तोंड मला नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून पत्र चिकटवायला घेतलं आणि जाई न्हाणीत पडली. लागलं नाही फारसं. पण मला तिला उचलता आलं नाही, दादूभाऊ. मंगल येईपर्यंत मीही तिच्याशेजारी ओल्यात बसून होतो. तेव्हा माधुरीला वरचं सांगू नका. फक्त विचारा, त्या संस्थेत नवरा-बायकोला एकत्र ठेवतात का. मी विचारलं तर पोर रडेल. आणि नवऱ्याला ठेवायची सोय नसेल तर गडी म्हणून ठेवा म्हणावं, जाईच्या मनात मी आता तोच आहे.