शिखरानंतरचा सिनेमा

अहो,

पत्राच्या डोक्यावर तुमच्या नावामागे ‘कैलासवासी’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नेहमीसारखं नुसतं ‘अहो’. आठ महिने झाले तुम्हाला जाऊन. या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, मग आजच का? तर काल रविवारी मी तो दोन गिर्यारोहकांचा काळा-पांढरा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. हो, शेवटपर्यंत! आता तुमची चोरी सापडली आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. रागावू नका. आपल्या कूलरला गफारभाईंनी हात लावला.

काय करणार? पंप बंद पडला होता आणि परभणीचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! तुम्ही असता तर घामाने भिजून बसला असता, पण समोरच्या दुकानवाल्याला घरात पाना घेऊन येऊ दिलं नसतं. बावीस वर्षं तुमची दोघांची कूलर दुरुस्तीची दुकानं समोरासमोर. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘त्याचं काम म्हणजे वरून रंग, आतून गंज,’ आणि त्यांनी सांगायचं, ‘ह्याचा पंप आठ दिवस टिकत न्हाई.’ आणि रविवार आला की दोघं आपल्या बैठकीत मांडीला मांडी लावून डोंगरांचे सिनेमे बघायला हजर.

काय वेड होतं ते! आयुष्यात चारठाण्याच्या देवळाच्या पायऱ्यांपलीकडे काही चढला नाहीत, पण बर्फ पाहिला की डोळे चमकायचे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून कूलर पुरा सोडायचा आणि भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसायचं. शेजारच्या पोरी खिडकीतून हसायच्या. मलाही लाज वाटायची, पण खरं सांगू? त्या मफलरमध्ये तुम्ही छान दिसायचात.

सिनेमांची भाषा आपल्याला कुठे कळत होती? तुम्हीच सगळ्यांच्या वतीने बोलायचात. ‘हा उंच हाय ना, तो म्हणायलाय, मी पैला जाणार. दाढीवाला म्हणायलाय, जाऊन तर दाखव!’ उंच माणूस तुमचा, दाढीवाला गफारभाईंचा. एकाच गावचे, एकाच शिखरासाठी झुरणारे दोन वैरी, आणि नाइलाजाने एकाच दोराला बांधलेले. दाढीवाल्याने शिखरावर पहिलं पाऊल ठेवलं की गफारभाई मांडीवर थाप मारायचे. तेवढ्यात तुम्ही बटण दाबायचात. ‘झालं. आता उतरतेत, घरी जातेत, जेवतेत. उतरायला काय लागतंय?’

मी विश्वास ठेवला हो! इतकी वर्षं मला वाटत होतं की डोंगरावर गेलेली सगळी माणसं सुखरूप घरी येतात. सिनेमे शिखरावरच संपतात, अशीच माझी समजूत.

काल कूलर सुरू झाला. गफारभाई निघाले होते. त्यांच्याबरोबर रझियाभाभीही आल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून ते एकटे आपल्या घरी येत नाहीत, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मीच म्हटलं, बसा, रविवार आहे. तोच सिनेमा लावला. दाढीवाला शिखरावर पोचला आणि माझा हात सवयीने बटणाकडे गेला.

‘भाभी,’ गफारभाई खाली बघत म्हणाले, ‘ह्याच्यापुढं बी पिक्चर हाय.’

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतर आपण पाहिलेल्या पहिल्या सिनेमात नायक मेला आणि मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. ते तुम्ही मनात धरून बसलात. म्हणून माझ्यासमोर शिखरापर्यंतच, आणि उरलेला सिनेमा सोमवारी दुपारी, तुमच्या दुकानात, अर्धं शटर ओढून दोघांनी बघायचा! आणि मला काय सांगायचात? ‘सोमवारी माल आणायला जायचंय.’ वाहवा! मी त्या मालवाल्यासाठी चार पोळ्या जास्तीच्या बांधून देत होते. त्या कोण खात होतं, तेही काल कळलं.

तुम्ही गेलात त्या दिवशीही मी रडले नाही. जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, ‘काय दगडाची बाई हाय!’ मला फार लागलं. पण डोळ्यांत पाणीच नव्हतं, तर आणू कुठून? रोज संध्याकाळी वाटायचं, आता दुकान बंद करून येतील. शेवट बघायची सवयच तुम्ही मला लागू दिली नव्हती.

काल बघितला. उतरताना तुमचा उंच माणूस घसरला आणि पुन्हा दिसलाच नाही. दाढीवाला एकटा खाली आला. त्या माणसाच्या बायकोच्या दारात टोपी काढून उभा राहिला आणि तिला काहीतरी म्हणाला.

‘तिला सांगायलाय,’ गफारभाई म्हणाले, ‘तुझा नवरा पैला पोचला.’

‘पण पहिला तर हाच पोचला होता!’

‘हो. खोटं बोलायलाय.’

सिनेमा संपला. नवा पंप पाणी खेचत होता. गफारभाईंनी पाना पिशवीत टाकला, दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, ‘भाभी, ह्या परभणीत त्याच्यासारखा मिस्तरी झाला न्हाई. मी बी न्हाई.’

अहो, तुमचे पंप आठ दिवस टिकत नव्हते! मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, अख्ख्या पेठेला माहीत होतं. मला आधी हसू आलं. आणि मग जे रडू फुटलं, ते आवरेचना. रझियाभाभींनी मला जवळ घेतलं. गफारभाई दारातच डोळे पुसत उभे राहिले. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं. रात्री मी पोटभर जेवले आणि शांत झोपले.

तेव्हा तुमच्यावर माझा राग आहे, पण लटका. मला जपलंत, ते कळलं. पण थोडं कमी जपलं असतंत तरी मी मोडले नसते.

आता हे माझं वचन. तुम्ही अर्धे ठेवलेले एकोणीस सिनेमे आहेत. ते गफारभाई, रझियाभाभी आणि मी असे तिघं मिळून पाहू, दर रविवारी एक, आणि मी कुठेही बटण दाबणार नाही. आणि कुणी विचारलं, की बाई, तुमचा नवरा कसा मिस्तरी होता, तर मीसुद्धा डोळ्याला डोळा भिडवून सांगेन: पहिल्या नंबरचा.

तुमचीच,
सुमन