एक जानेवारीच्या एकतीस फायली

अहो,

नावानं कधी हाक मारली नाही, ती आता पत्रात कुठून मारू? तेव्हा अहोच.

तुमच्या कॉम्प्युटरवर बसून लिहितेय. हो, मीच! चपला दाराबाहेर, कव्हराची घडी शेजारी, स्टॅबिलायझर चालू, सगळं तुमच्या शिस्तीत. एका बोटानं अक्षरं हुडकतेय, त्यामुळं सकाळपासून एवढंच झालंय. पण उद्या पोळा आहे आणि परवा या मशीनमध्ये नवा सेल बसणार आहे. त्याच्या आत हे पत्र संपवायचंय. का, ते सांगते.

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. पुण्यानुमोदनाला तुमची अख्खी शाळा आली होती. सगळे चांगलं बोलले, जरा जास्तच चांगलं बोलले. मी सकाळी अंगणवाडीत जाते, दुपारी घरी येते, माझं चाललंय. काळजी आहे ती आत्यांची. तुमच्या आई तुमच्यामागं विसरायला लागल्यात. चहा झाला की अजून तीन कप मांडतात. मला मधूनच त्यांच्या जावेच्या नावानं हाक मारतात. परवा तर शेवगावात राहून मला विचारत होत्या, शेवगावला जायची एसटी कधी आहे म्हणून.

या पत्रामागचा शोध सुरू झाला एक जूनला. दरवर्षी त्या दिवशी मी शिरा करायचे आणि तुम्ही खाता खाता म्हणायचात, हा मास्तरांचा वाढदिवस, माझा नव्हे. शाळेत नाव घालताना तुमच्या मास्तरांनी सगळ्या वर्गाला एकच तारीख लावून टाकली होती. त्यात नवल ते काय? माझ्या मिरजगावच्या भावाचीही एक जूनच आहे, त्याला काही वाटत नाही. तुम्हाला मात्र ते जन्मभर खुपलं. दुसऱ्यांची पोरं शिकवलीत, त्यांच्या दाखल्यांवर तारखा लिहिल्यात, आणि स्वतःची माहीत नाही.

यंदाही माझा हात सवयीनं रव्याच्या डब्याकडं गेला. आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा त्याचा दिस न्हाई. त्याला सगळं सांगितलंय मी. त्यानं लिवून घेतलंय, ते वाच."

मी विचारलं, मग कोणता दिवस, तुम्हीच सांगा ना. तर मान हलवली. आधी त्यानं काय लिहिलंय ते वाच, मग बघू. तुमचा हट्टीपणा कुठून आला हे मला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं होतं, पण या वयातही तो तसाच्या तसा आहे हे त्या दिवशी कळलं. आणि भीतीही वाटली. आज हट्ट करतायत, उद्या विसरल्या तर? मग कुठं जायचं विचारायला?

दोन वर्षं तुम्ही त्यांच्याजवळ बसून त्यांचं सगळं टिपून घेत होतात. त्यासाठी म्हणून पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणलात. मी किती बोलले तुम्हाला! घरात वह्या काय कमी आहेत, म्हणून. तुम्ही म्हणालात, वही वाळवी खाते. आणि कागदावर एक ओळ उतरवली नाहीत, सगळं झालं की नगरला जाऊन एकदम छापून आणू म्हणालात. तेव्हा जे काही होतं ते या पेटीतच होतं. आणि ती पेटी उघडायची कशी हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. धूळ बसेल, हात लावू नकोस. लावलाच नाही मग.

बरं, चालू करण्यापुरतं मला माहीत होतं, कारण तेवढं तुम्ही लांबून ओरडून माझ्याकडून करून घ्यायचात. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि मशीन अडून बसतं, तेव्हा एफ-वन दाबायचं. मी दाबत गेले. काय लिहिलंय ते तुम्ही वाचायचा नाहीत, मीही वाचलं नाही.

मग ते शोधायचं खातं उघडलं. "आई" लिहिलं इंग्रजीत, काही नाही. "बाई" लिहिलं, काही नाही. म्हटलं दोनच अक्षरं टाकू, ए आणि आय. तर बाई गं, शंभराच्या वर नावं! ज्या ज्या नावात ही दोन अक्षरं शेजारी बसलीत ती सगळी हजर. चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या नावात आहेत, पत्रांच्या नावात आहेत, आणि ज्यात असायला हवीत त्यात नाहीत. मजकुरात शोधायचीही सोय होती, पण तुमची मराठी अक्षरं त्या चौकटीत उमटायलाच तयार नव्हती.

शेवटी तारखेनं शोधलं. मागच्या दिवाळीपासून या शिमग्यापर्यंत तुम्ही रोज संध्याकाळी बसत होतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या तारखा घातल्या. एकही फाईल नाही. मग दोन वर्षांच्या घातल्या. तरी नाही. मशीन सांगत होतं की दोन वर्षांत तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. असा राग आला! तुमचाच आला. काय करत होतात मग तिथं बसून?

स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवतात ते सर येऊन गेले. इकडं तिकडं टिचक्या मारल्या आणि म्हणाले व्हायरस असणार, फॉरमॅट मारावं लागेल, मशीन एकदम नव्यासारखं होईल. मी विचारलं, आतलं? ते म्हणाले, आत काही नाहीच तर जाईल काय? मला ते पटलं हो. खोटं कशाला सांगू? सोमवारी या म्हटलं त्यांना.

ते गेल्यावर आत्यांनी विचारलं काय म्हणत होते. मी सांगितलं, सगळं पुसायचं म्हणतायत. आत्या पडद्याकडं बघून म्हणाल्या, "पाटी हाय व्हय ती?"

रविवारी पुन्हा बसले. मनात आलं, हे मशीन काही ठेवून घेतं की नाही ते तरी बघू. "सुमन" नावाची एक फाईल केली, आत चार ओळी खरडल्या, बंद केली. आता ती सापडते का बघायचं. शोधायच्या खात्यात एक खूण होती, मागच्या एका दिवसात बदललेल्या फायली. ती लावली आणि बटण दाबलं.

यादी आली. त्यात माझी फाईल होती. आणि तुमच्या एकतीस होत्या.

अहो, मी नावं एकेक करून वाचली. दुष्काळ. खडी. एसटी. देव. विहीर. लगीन. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, पण आत्यांच्या तोंडची नावं! आणि मशीन म्हणत होतं, ह्या सगळ्या कालपासून लिहिल्यात. तुम्हाला जाऊन तीन महिने होऊन गेले होते. मी वळून दाराकडं बघितलं, खरंच बघितलं. तुम्ही हसाल, पण त्या क्षणाला मला वाटलं की तुम्ही आता भाजीची पिशवी घेऊन आत याल.

मग नीट वाचलं. प्रत्येकीपुढं तारीख एकच, एक जानेवारी ऐंशी. माझ्या फाईलपुढंही तीच. कोपऱ्यातल्या घड्याळावर ती बाणाची खूण नेली तर तिथंही एक जानेवारी ऐंशी. सोमवारी सर आले, त्यांना दाखवलं तेव्हा उलगडा झाला. आत एक चपटा सेल असतो, त्याच्या जोरावर मशीन तारीख लक्षात ठेवतं. तो सेल मेलाय. मशीन बंद केलं की सगळं विसरतं, चालू केलं की कळत नाही आज काय आहे, म्हणून आपली पहिली तारीख लावून मोकळं होतं. काळ्या पडद्यावर रोज तेच सांगत होतं बिचारं, आणि आपण एफ-वन दाबून पुढं जात होतो! शिकवायला मास्तर, आणि समोरचं वाचायचा कंटाळा.

म्हणजे तुमचा कॉम्प्युटर आणि तुमचे ते मास्तर, दोघं एकाच जातकुळीचे निघाले. माहीत नाही ना, मग लावा एक तारीख.

तुम्हाला माहीत होतं, नाही का? तुमच्या खिशातल्या डायरीत सापडलं. "सेल, निळी शाई, आईच्या गोळ्या." शाई आणलीत, गोळ्या आणल्यात.

फायली होत्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या पोटात. त्यात हात घालू नकोस, बिघडेल, असं तुम्हीच बजावलं होतं, म्हणून मी तिथं डोकावलेच नव्हते. आता रोज दुपारी आत्यांना एकेक वाचून दाखवते. आणि काय सांगू, त्या वेळेपुरत्या त्या पहिल्यासारख्या होतात. दीक्षा घेऊन देव घराबाहेर काढले त्या सालाचं ऐकताना टाळी देऊन हसल्या. दुष्काळात खडी फोडली ते ऐकताना स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होत्या. तुमच्या चुकाही काढतात. तुम्ही "फार" लिहिलंत तिथं मला थांबवलं आणि म्हणाल्या, मी लई म्हणलं हुतं, हे फार कुठून आलं?

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फायलींपुढं वेळही असते. मशीन चालू झालं की त्याचं घड्याळ रात्री बारापासून सुरू होतं. म्हणजे दुष्काळपुढं तीन वाजून दहा मिनिटं आहेत, तर त्या संध्याकाळी तुम्ही तीन तास दहा मिनिटं बसलात. मी स्वयंपाकघरातून चिडचिड करत होते, तेवढ्यात तुम्ही हे लिहीत होतात. सगळ्यांच्या वेळा मी एका कागदावर उतरवून ठेवल्यात.

शेवटच्या फाईलचं नाव जन्म. तिच्यापुढं बारा वाजून नऊ मिनिटं.

नऊच मिनिटं. ती संध्याकाळ मला पक्की आठवते. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी हाक मारली, अहो, उठा, टाकी भरायचीय. तुम्ही एका हाकेत उठलात, एरवी कधी उठायचा नाहीत. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा, मग पेपर, मग शाळेतच छातीत कळ. परत बसलाच नाहीत. मी त्या दिवशी हाक मारायला नको होती. टाकी राहिली असती तर काय झालं असतं? दोन दिवस कमी पाण्यात काढले असते. हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगतेय.

फाईल अशी आहे. वर तुमचा प्रश्न, आई, मी नक्की कधी झालो? खाली आत्यांचं बोलणं. मास्तरानं मला इचारलं, पोरगं कवा झालं. मी म्हणलं, साल न्हाई म्हाईत, पर दिस म्हाईत हाय. मास्तर म्हणला, दिस नको, तारीख पायजे. मग त्येनं त्येच्या मनानं लावली. तू झालास त्या दिशी

इथं संपतं. पुढं कोरं.

मी वाचायची थांबले. सगळा शोध घेतला, मशीन पुसायचं वाचवलं, आणि नेमकं तेच नाही! आता आत्यांना काय सांगायचं? आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना वाटलं मी दमले. डोळे न उघडता, जसं काही तुम्ही टाकी भरून परत येऊन बसलात, तसं पुढं बोलायला लागल्या.

"तू झालास त्या दिशी पोळ्याचा दुसरा दिस हुता. बैलांच्या शिंगाचा रंग बी वाळला नव्हता. पाटलाच्या गोठ्यात लई शेण पडलं हुतं, ते काढाया गेल्ते, तिथनं परत आले आन् दिस उगवायच्या आत तू झालास. आलोच म्हणून उठलास, कुटं गेल्तास रं?"

मी हात कीबोर्डवर ठेवले आणि बोलल्या तसं टाईप केलं. लई म्हटल्या तिथं लईच लिहिलंय. गेल्ते, आन्, सगळं तसंच ठेवलंय. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली. नऊ तुमची, बाकीची माझी म्हणा.

मग साल काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आत्या म्हणतात गावात एसटी आली त्याच्या आदल्या साली. एसटी कधी आली हे कुणाला नीट सांगता येत नाही. मग मी नाद सोडला. तारीख नाही मिळाली तुम्हाला, तो मास्तर खरा ठरला. पण दिवस मिळाला. तो दरवर्षी येतो, कॅलेंडरवर इकडं तिकडं सरकतो एवढंच.

क्लासचे सर नगरहून सेल घेऊन आलेत. आजच बसवतो म्हणत होते, मी परवाचं सांगितलं. त्या दिवशी मशीनला खरी तारीख लागेल. त्यानंतर तुमच्या फायली त्या एका दिवसाच्या खुणेनं सापडायच्या नाहीत, लांब ऐंशी सालात जातील. म्हणून हे पत्र त्याच्या आधी लिहिलं. याच्यावरही एक जानेवारी ऐंशीच पडणार. पुढं कधी कुणी शोधलं, तर आपण दोघं एकाच यादीत निघू.

आता शब्द देते. पाण्यासाठी मी आत्यांचं बोलणं मध्येच तोडून उठणार नाही. त्या जेवढं सांगतील तेवढं, त्यांच्या शब्दांत, मी लिहून घेईन, आणि सगळं कागदावर छापून आणीन. आणि एक जूनला या घरात शिरा होणार नाही.

परवा पहाटे करीन. दिवस उगवायच्या आत.

तुमची,
सुमन