काढेवालीला ताप

शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. दादाचे गुडघे आता कमी दुखतात हे वाचून बरं वाटलं, आणि त्याचा आवाज काही कमी झालेला नाही हे वाचून त्याहून बरं वाटलं. दुकान बंद करून कायमची इकडे ये, खोलीला रंगही देऊन ठेवलाय, असं त्याने तुला लिहायला लावलंय. त्याचं उत्तर देते, पण जरा दमाने.

आधी इकडचं सांगते. यंदा तापाची साथ जोरात आहे. दुकानापुढे सकाळपासून रांग असते. पपईचा पाला, कडुनिंब, गवती चहा, आलं. पातेलं उतरवेपर्यंत हाताला उसंत नसते. माझा काढा घेतला की ताप पळालाच समजा, असं मी छातीठोकपणे सांगत होते. स्वतःचे ढोल बडवायला मला दुसरं माणूस कधी लागलंय?

या रांगेत एक गृहस्थ रोज यायचे. दवाखान्यातर्फे घरोघर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात, मलेरिया आहे का ते तपासायला. मी त्यांचं नाव 'डास' ठेवलं, तेही तोंडावर. माणूस हसला.

"बाई, काढा खुशाल पाजा, पण आधी एकेकाला माझ्यापुढे बोट करायला सांगा."

"आणि तुम्ही टोचून माझं गिऱ्हाईक पळवून लावा!"

रोज हेच भांडण. भांडून झालं की तो कडूजहर पेला तोंड वाकडं न करता रिकामा करायचे आणि निघायचे. ताप नाही, खोकला नाही, काही नाही.

मग मलाच ताप आला. काढेवालीला ताप! सांगते कुणाला? शटर अर्धं ओढलं आणि आपलाच काढा पेल्यावर पेला ढोसत राहिले. थंडीने दात वाजत होते, तरी हट्ट सुटेना. शेवटी डास वाकून शटरखालून आत आले. म्हणाले, "करा बोट पुढे." मी मुकाट्याने केलं. मलेरियाच निघाला.

डॉक्टरीणबाईंना तेच घेऊन आले, गोळ्याही त्यांनीच आणल्या. आणि प्रत्येक गोळीमागे स्वतः काढा करून द्यायचे. दोन पातेली करपवली बघ! मी म्हटलं, "आता हा कशाला?" तर म्हणाले, "गोळी तापासाठी, काढा तुमच्या मानासाठी."

बरी झाल्यावर मी विचारलं, "काढ्यावर विश्वास नाही, तर रोज का प्यायचात?"

"न पिता इथे उभं राहायला निमित्त काय होतं?"

वहिनी, पन्नाशीची बाई मी, लाजून लाल झाले.

आता दुकानात त्यांची खुर्ची आहे. आधी बोट, मग पेला. ताप निघाला तर गोळ्या दवाखान्याच्या. काढ्याने घशाला आराम पडतो, तोंडाला चव येते, एवढंच मी सांगते. गिऱ्हाईक तुटेल वाटलं होतं, ते उलट वाढलंय. परवा एक आजोबा म्हणाले, "टोचणारा आणि पाजणारी एकाच घरातले वाटतं?" मी पातेल्यात तोंड घातलं. हे म्हणाले, "अजून नाही."

तर झालं हे असं. मी हो म्हटलंय. पुढच्या महिन्यात नोंदणी कचेरीत सह्या करायच्या, बस्स. तुमच्याकडे येईन, पण राहायला नाही. दोघं मिळून पाहुणे म्हणून येऊ.

दादा आधी भडकेल. या वयात हे काय खूळ, लोक काय म्हणतील, म्हणेल. म्हणू दे. पोटभर बोलून झालं की त्याला एवढंच सांग: माझा पहिला संसार अर्ध्यावर मोडला, तेव्हा मला रडताना त्यानेच सांभाळलं. आता मी इतकी हसतेय आणि ते बघायला तो नाही, हे मला सोसणार नाही. परवानगी मागत नाही मी. मला माझा दादा हवाय.

तुम्हा दोघांची,
नवरी होऊ घातलेली
धाकटी